सांगणारा कुठे गेला? पुस्तक-पडदा प्रकल्पाच्या नोंदी

५ जून २०२५

यादी पक्की केली. मराठी पुस्तक आणि त्यावरचा चित्रपट अशा पाच जोड्या: 'श्यामची आई' (पुस्तक १९३५, चित्रपट १९५३), अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या मिळून 'सिंहासन' (१९७९), शांता निसळ यांची 'बेघर' आणि 'उंबरठा' (१९८२), 'बनगरवाडी' (१९५५ आणि १९९५), मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आणि तिच्यावरचा सुजय डहाके यांचा चित्रपट. 'दुनियादारी' राखीव. तिची मागणी सगळ्यात जास्त असणार हे माहीत आहे, म्हणूनच ती शेवटी.

काम असं: प्रत्येक जोडीचा दृश्यवार तक्ता, तक्त्यावरून चार पानी टिपण, टिपण हातात घेऊन चित्रपट पाहणं आणि नंतर चर्चा. 'पुस्तकच भारी होतं' या वाक्यावर चर्चा अडकू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

नाटकांवरचे चित्रपट बाहेर ठेवले. 'नटसम्राट' आणि 'कट्यार काळजात घुसली' घ्या असा आग्रह झाला. पण नाटकातला माणूस मंचावर आधीच बोलत असतो, त्याला पडद्यावर आणण्याचे प्रश्न वेगळे. दोन्हींची खिचडी नको.

९ जून

प्रती तपासल्या. तक्ता भरण्याआधी हे केलं नाही तर पुढचे सगळे टाइमकोड (दृश्य कितव्या मिनिट-सेकंदाला येतं ते आकडे) वाया जातात.

पहिली अडचण वेगाची. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. आपल्याकडच्या जुन्या व्हीसीडी-डीव्हीडी पॅल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या. तेच २४ फ्रेम २५च्या वेगाने पळवले की १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. त्यामुळे डीव्हीडीवरून घेतलेला ४८ मिनिटांचा टाइमकोड दुसऱ्या प्रतीवर ५० मिनिटांना सापडतो आणि तक्ता भरणारे दोघं एकमेकांना चुकीचं ठरवत बसतात. मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून फ्रेमरेट बघावा. २५ दिसला तर वेळेला २५ने गुणून २४ने भागावं. अर्थात २५ दिसलं म्हणजे वेग वाढवलेलाच आहे असं नाही. काही प्रतींत वेग तोच ठेवून सेकंदाला एक जादा फ्रेम भरलेली असते. कानाने खात्री होते: वेग वाढवलेला असेल तर आवाज साधारण पाऊण अर्धस्वर चढतो. मूळ ध्वनिमुद्रिकेची पट्टी माहीत असलेलं गाणं तानपुऱ्याच्या ॲपवर लावून पाहिलं की लगेच कळतं.

दुसरी अडचण चौकटीची. जुना ४:३ (रुंदी:उंची) चित्रपट रुंद टीव्हीवर भरून दिसावा म्हणून वरून-खालून कापलेला असतो. १६:९ केला की उंचीतली बरोबर २५ टक्के गेली. माणसांची डोकी कपाळावर कापलेली दिसली की ती प्रत बाद.

तिसरी, गाणी गाळलेल्या किंवा जाहिरातींसाठी तुकडे पाडलेल्या प्रती. जुनी गाण्यांची पुस्तिका मिळाली तर गाण्यांचा क्रम तिच्याशी ताडून पाहावा. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अभ्यासासाठी पूर्वपरवानगीने, शुल्क भरून चित्रपट पाहता येतो. शंका उरलेल्या प्रतींसाठी तोच मार्ग.

१४ जून

तक्त्याचे रकाने ठरले: दृश्य क्रमांक, सुरुवात, शेवट, स्थळ, दिवस की रात्र, पात्रं, पुस्तकातली जागा, शेरा. शेऱ्याला पाचच शब्द: घेतलं, गाळलं, हलवलं, जोडलं, एकत्र केलं. सहावा शब्द कुणी काढायचा नाही.

दृश्य म्हणजे काय, यावर अर्धा दिवस गेला. ठरलं ते असं: जागा बदलली किंवा वेळ बदलली की नवं दृश्य. गाण्यात पंधरा जागा दिसल्या तरी ते एकच दृश्य, आतले तुकडे अ, ब, क. हे आधी ठरवलं नाही तर गाणी असलेल्या चित्रपटाची दृश्यसंख्या उगाच फुगते.

पुस्तकाचा पानक्रमांक लिहायचा नाही. आवृत्तीगणिक पानं सरकतात. 'श्यामची आई'ची प्रकरणं म्हणजे रात्री, त्यांना नावं आहेतच, ती लिहायची. बाकी पुस्तकांना पानाची टक्केवारी: २८० पानांच्या प्रतीतलं ८४वं पान म्हणजे ३०. चित्रपटाचीही तशीच, १२० पैकी ३६वं मिनिट म्हणजे ३०. दोन आकडे शेजारी आले की काय पुढे ओढलं, काय मागे ढकललं ते न वाचताच दिसतं.

तासाभराच्या चित्रपटाला चार-पाच तास धरावेत. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, कंट्रोल-टीने थेट वेळेवर उडी मारता येते. या दोन कळा आल्या की वेळ वाचतो.

२१ जून

'सिंहासन'वर चाचणी. तक्ता पहिल्याच दिवशी मोडला, कारण पुस्तकं दोन. 'पुस्तकातली जागा' हा रकाना दुभंगून 'मुं' आणि 'सिं' असे दोन केले. 'एकत्र केलं' या शेऱ्याचा खरा उपयोग इथेच कळला. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक), अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू), कामगार पुढारी डिकास्टा (सतीश दुभाषी), त्यात तस्करी, आमदारांची ये-जा. हे सगळं दोन कादंबऱ्यांतून उचलून एका चित्रपटात बसवायचं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येणार. तरी चित्रपट विस्कटत नाही. का, ते तक्त्यात कुठेच दिसत नाही.

२८ जून

दोष सापडला. 'शाळा'च्या तक्त्यात 'सुऱ्या' हे पात्राचं नाव शोधलं तर निम्मीच दृश्यं आली. कारण कळफलकात. एकाने 'ऱ' हे वेगळं अक्षर (युनिकोड यू+०९३१) वापरून टाइप केलं, दुसऱ्याने साधा 'र', हलन्त, मग अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'सुऱ्या' हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. 'चित्र्या' हे नाव यातून सुटलं, 'सुऱ्या' अडकलं. 'दुसऱ्या', 'कॅमेऱ्या', 'खऱ्या' सगळीकडे तेच.

उपाय: सगळ्या तक्त्यात शोधा-बदला करून एकच रूप ठेवलं. पात्रांची नावं यापुढे हाताने टाइप करायची नाहीत, यादीतून निवडायची. मराठी मजकुरावर कुठलंही मोजमाप करणाऱ्याने आधी हे बघावं.

६ जुलै

'किती टक्के पुस्तक उरलं' हा मागाहून जोडलेला रकाना रद्द.

तीन तक्त्यांतून आकडे आले आणि एकाचाही उपयोग झाला नाही. ज्या चित्रपटाने बरीच दृश्यं जशीच्या तशी घेतली तो पुस्तकासारखा वाटतोच असं नाही. ज्याने अर्धी गाळली तो कधी कधी जास्त जवळ जातो. दृश्यं मोजणं म्हणजे घर बदलताना खोके मोजण्यासारखं. खोके सगळे पोचले, पण नव्या घरात कोण राहतंय?

त्याजागी नवा रकाना: सांगणारा. पुस्तकात गोष्ट कोण सांगतं, कुणाला सांगतं, आणि पडद्यावर तो माणूस कुठे गेला. शक्यता चार धरल्या: (१) तो पात्र झाला आणि कॅमेऱ्यासमोर आला, (२) त्याचा आवाज उरला, म्हणजे व्हॉइसओव्हर, (३) त्याचं काम गाण्याने किंवा दुसऱ्या पात्राने उचललं, (४) तो गेलाच. या रकान्याचा शेरा म्हणजे यांतला आकडा.

'सिंहासन' परत या रकान्यातून पाहिला आणि २१ जूनचा प्रश्न सुटला. पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) सगळीकडे जातो, सगळ्यांना ओळखतो, सगळं ऐकतो. कादंबरीकार जे काम निवेदनातून करतो ते इथे एका पात्राच्या पायांनी केलंय. पत्रकाराला कुठल्याही दालनात शिरायला सबब लागत नाही, पटकथेच्या दृष्टीने ही फार मोठी सोय. शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. सांगणाऱ्यालाच वेड लागतं आणि चित्रपट संपतो. शेरा: ३, आणि कंसात १.

१३ जुलै

'श्यामची आई'. इथे नवा रकाना सगळ्यात जास्त बोलला, म्हणून नोंद लांबली.

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं. रचना बेचाळीस रात्रींची: आश्रमात रात्री सगळे जमतात आणि श्याम आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे दोन श्याम आहेत. एक मुलगा, चुका करणारा. दुसरा मोठा, ती चूक आज आठवून गहिवरणारा. पुस्तकातलं रडू या दुसऱ्या श्यामचं आहे. पहिल्याला तर बऱ्याचदा आईचा रागच आलेला असतो.

चित्रपटात काय होतं? कॅमेरा वर्तमानकाळात चालतो. मुलगा श्याम (माधव वझे) समोर आहे, आई (वनमाला) समोर आहे. मोठ्या श्यामने हळहळून सांगण्याची जागा प्रेक्षकाने घ्यायची. म्हणून दिग्दर्शक आचार्य अत्र्यांना दोन गोष्टी लागल्या. एक, आईचा चेहरा असा हवा की निवेदकाने काही सांगायची गरज पडू नये. दुसरी, गाणी. 'भरजरी गं पितांबर' अत्र्यांनीच लिहिलं, संगीत वसंत देसाईंचं, आवाज आशा भोसलेंचा. कृष्णाच्या बोटाला चिंधी हवी तर द्रौपदीने भरजरी वस्त्र फाडलं, ही कथा. पुस्तकात मोठा श्याम जी शिकवण सांगून टाकतो ती इथे गाण्याच्या कथेतून येते. निवेदकाचं काम गीतकाराने उचललं. शेरा: ३.

दुसरा मुद्दा सांध्याचा. पुस्तकातली प्रत्येक रात्र आपल्यापुरती पूर्ण. 'मोरी गाय' आधी वाचा की 'पत्रावळ', फारसं बिघडत नाही. चित्रपटाला हे परवडत नाही, तिथे एकातून दुसरं निघावं लागतं. पुस्तकात तसा पुढे खेचणारा धागा एकच आहे: कर्ज. 'कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक' या रात्रीपासून तो घट्ट होत जातो आणि आईच्या शेवटच्या आजारापर्यंत सुटत नाही. या पुस्तकावर पटकथा करणाऱ्याने आधी या उत्तरार्धाच्या रात्री भिंतीवर लावाव्यात, मग आधीच्या रात्रींमधून त्यांना आधार देणाऱ्या निवडाव्यात. उलट क्रमाने गेलं की सुविचारांची माळ तयार होते. शाळेच्या स्नेहसंमेलनांत या पुस्तकावरचे प्रवेश फसतात ते बहुधा यामुळेच.

१९५४ साली पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. चर्चेत हे कुणीतरी सांगतंच, टिपणात एक ओळ पुरे.

जोडीला सुजय डहाके यांचा २०२३चा 'श्यामची आई' पाहायचा. कृष्णधवल, आणि त्यात साने गुरुजी स्वतः पात्र म्हणून येतात (ओम भूतकर). सत्तर वर्षांनी सांगणारा परत आला. शेरा: १. एकाच पुस्तकाचे दोन शेरे वेगळे पडले म्हणजे रकाना कामाचा आहे.

२० जुलै

कार्यशाळा: एक पान, एक दृश्य. चित्रपट पाहण्याआधी प्रत्येकाने पुस्तकातली एक जागा स्वतः दृश्यात लिहायची. निवडली 'अळणी भाजी'. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील त्याबद्दल एक अक्षर न काढता जेवतात, आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. सोपी वाटते. सोपी नाही. मीठ कॅमेऱ्याला दिसत नाही.

पुस्तकात श्याम सांगतो म्हणून आपल्याला भाजी अळणी असल्याचं कळतं. पडद्यावर ते कुणाला आधी कळावं, हाच निर्णय. आलेल्या कागदांत तीन तऱ्हा:

एकीत मुलगा पहिला घास घेऊन तोंड वाकडं करतो, वडील डोळ्यांनी त्याला गप्प करतात. प्रेक्षकाला आधी कळतं, आईला शेवटी. ताण आईच्या पानावर येतो. ही चालते.

दुसरीत कुणीच काही दाखवत नाही. सगळे नेहमीसारखे जेवून उठतात. मग आई एकटी, मागचं आवरून, पहिला घास घेते आणि थांबते. प्रेक्षकाला आईबरोबरच कळतं आणि आधीचं सगळं जेवण त्याला मनात परत पाहावं लागतं. ही जास्त चांगली, पण धोका हा की जेवणाचं दृश्य त्या वेळी निरर्थक वाटतं आणि संकलक ते आखूड करतो. उपाय: त्या जेवणात वडिलांना भाजी पुन्हा मागायला लावा. पहिल्यांदा पाहताना ती आवड वाटते, नंतर तिचा अर्थ फिरतो.

तिसरीत आई भाजी फोडणीला टाकताना हाक येते, ती उठते, मिठाचं भांडं तसंच. त्यावर कॅमेरा थांबतो. ही वाईट. प्रेक्षकाला कारण कळलं, माणसं कळली नाहीत.

सगळ्यात जास्त आढळलेली चूक: 'वडिलांना वाटलं, तिने एवढ्या कष्टाने केलंय, कशाला दुखवा.' पटकथेत 'वाटलं', 'आठवलं', 'जाणवलं' ही क्रियापदं दिसली की लाल पेन. दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच लिहायचं.

लांबीबद्दल: पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी टंकलेखनाच्या ठरावीक साच्यावर बेतलेला. मराठीत फॉन्ट, आकार, डावीकडे दृश्य नि उजवीकडे आवाज अशी दोन रकान्यांची मांडणी, यांवर तो टिकत नाही. दृश्य मोठ्याने वाचायचं, हालचालींना खरोखर थांबायचं आणि घड्याळ लावायचं. 'अळणी भाजी' दोन ते तीन मिनिटांत बसली पाहिजे.

२७ जुलै

परवानग्या. भारतात साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, चित्रपटाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायचे. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे पुस्तकाचा मजकूर २०११पासून खुला. १९५३चा चित्रपट २०१४पासून. पण थांबा: गीतांचा हक्क वेगळा मोजला जातो. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांची मुदत २०२९ अखेरपर्यंत. वसंत देसाई १९७५ साली गेले, संगीताची मुदत २०३५ अखेरपर्यंत. गाणं वेगळं काढून वापरायचं असेल तर आधी हक्कदाराला विचारायचं.

बाकी चार चित्रपटांचे हक्क चालू आहेत. डीव्हीडी विकत घेतली म्हणजे सभागृहात दाखवायचा परवाना मिळाला असं होत नाही, तिच्या वेष्टनावरच ते छापलेलं असतं. परवानगी लेखी. टिपणात समीक्षेपुरते उतारे चालतात, त्या उताऱ्यावर टिपणात काही म्हटलेलं असलं पाहिजे.

३ ऑगस्ट

'शाळा' आणि 'बनगरवाडी' एकत्र घेतली, कारण दोन्हींत सांगणारा 'मी' आहे.

'शाळा'त मुकुंद जोशी, नववी, काळ आणीबाणीचा. वाचकाने मुकुंदचा चेहरा कधी पाहिलेलाच नसतो, वाचक त्याच्या डोळ्यांमागे बसून त्याला आवडणाऱ्या शिरोडकरकडे पाहतो. पडद्यावर पहिल्याच शॉटला हे उलटतं: आता आपण मुकुंदकडे बघतोय (अंशुमन जोशी). शिरोडकरचंही (केतकी माटेगावकर) तसंच. पुस्तकात ती मुकुंदला दिसते तेवढीच असते, पडद्यावर ती स्वतः नजर उचलू शकते. हा फायदा आहे, तोटा नाही. तोटा दुसरीकडे: अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये चौघं बसतात तिथल्या गप्पांवर मुकुंदचं मनातल्या मनात जे चालू असतं, त्याला जागा उरत नाही. पाहताना त्या बिल्डिंगमधली दृश्यं वेगळी खूण करून ठेवावीत, कारण मुकुंदचा 'मी' सगळ्यात जास्त तिथेच हरवतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा आणि आधारित पटकथेचा (अविनाश देशपांडे निगडी) असे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

'बनगरवाडी'तला 'मी' निराळा. तरुण मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. तो स्वतःबद्दल फार बोलत नाही, वाडीबद्दल बोलतो. असा निवेदक पडद्यावर आणणं सोपं, कारण तो आधीपासूनच कॅमेऱ्यासारखा आहे. अवघड आहे ते काळाचं. लेखक व्यंकटेश माडगूळकर दुष्काळाने वाडी रिती होणं थोड्या पानांत, आवाज न चढवता सांगतात. पडद्यावर रितेपण दाखवायला आधी भरलेपण तितकंच दाखवावं लागतं: मेंढरं, तालमीचं बांधकाम, माणसांची वर्दळ. म्हणून अमोल पालेकरांच्या चित्रपटात शेवट बघण्याआधी सुरुवातीच्या दृश्यांत चौकटीत किती माणसं आणि जनावरं आहेत ते मोजून ठेवायचं. हा आकडा टिपणात घ्यायचा, हा कामाचा आहे.

१० ऑगस्ट

'उंबरठा'. जोडी परत पटेल-तेंडुलकरांची. तक्ता होण्याआधी शीर्षकावरच थांबलो. 'बेघर' हा शेवट आहे, बाई कुठे येऊन पोचली ते सांगणारा. 'उंबरठा' ही जागा आहे, जिथून बाहेरही जाता येतं आणि आतही. सुलभा महाजन (स्मिता पाटील) महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घर सोडते, परत येते, पुन्हा निघते. नाव बदललं आणि तिच्या निघण्याचा अर्थ बदलला. यापुढे प्रत्येक तक्त्यात पहिली ओळ शीर्षकाची: बदललं का, कशाकडे. श्रेयनामावलीतले शब्दही जसेच्या तसे उतरवायचे. 'कादंबरीवर आधारित' आणि 'कल्पनेवरून' यांत फरक आहे.

सावधान: हाच चित्रपट हिंदीत 'सुबह' म्हणून केला गेला. टाइमकोड एकाचे दुसऱ्याला लावू नयेत.

१७ ऑगस्ट

'दुनियादारी' घेतली. सुहास शिरवळकरांची कादंबरी १९८२ची, संजय जाधवांचा चित्रपट २०१३चा. तीस वर्षं पारायणं करणाऱ्यांच्या डोक्यात कट्ट्याचं नेपथ्य आधीच उभं आहे, त्यामुळे तक्रारींची यादी तक्त्याहून लांब येणार. प्रश्नपत्रिकेत 'काय आवडलं नाही' हा प्रश्न ठेवलेला नाही. त्याऐवजी: कादंबरीतलं असं एक वाक्य लिहा जे चित्रपटात कुणीच बोलू शकत नाही, आणि का ते सांगा.

बाकी कामं: 'बनगरवाडी'ची न कापलेली प्रत मिळवणं. 'शाळा'च्या दोन तक्त्यांतले दृश्यक्रमांक जुळत नाहीत, फरक एका गाण्याचा आहे, अ-ब-कचा नियम विसरला गेला. 'सिंहासन'च्या तक्त्यात दिगू नसलेली दृश्यं वेगळ्या रंगात करायची. ती किती निघतात त्यावर ६ जुलैची नोंद टिकते की नाही ते ठरेल.